कतारगाम : हिरे-कारागिरांचे मनःस्वास्थ्य व सर्जनशीलता

कतारगाम : गुजरात राज्यातील सुरत शहराचा उत्तरेकडील, तापीकाठचा भाग. जुन्या सुरतेच्या कोटाला याच नावाचा दरवाजा होता. कंतारेश्वर महादेवाचे देवस्थान आणि उंधियोसाठी नावाजलेली पापडी ही येथील जुनी ओळख. आज औद्योगिक वसाहत, वेड रोडच्या बाजूचे यंत्रमाग आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने यांनी हा परिसर व्यापला आहे. वराछा व कापोद्रा यांच्यासह कतारगाम हा सुरतच्या हिरेउद्योगाचा गाभा होय. नगांच्या संख्येने पाहता जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना भारतात पैलू पडतात व त्यांतील बहुतेक सुरतेत. कामगार मुख्यतः सौराष्ट्रातील भावनगर, अमरेली, बोटाद या जिल्ह्यांतून आलेले. प्रस्तुत नोंद या कारागिरांच्या कामाचा ताण, मनःस्वास्थ्य व सर्जनशीलता यांपुरती मर्यादित आहे.

कामाचे स्वरूप : कच्चा हिरा (रफ) प्रथम नियोजकाकडे जातो. दगडाची नैसर्गिक रेघ, आतील डाग व भेगा पाहून त्यातून एक हिरा काढायचा की दोन, वजन राखायचे की स्वच्छता, हे तो ठरवतो. पूर्वी हा निर्णय भिंग व शाईच्या खुणा यांवर होत असे. आता इस्रायली बनावटीची ‘सरीन’ व ‘गॅलेक्सी’ ही यंत्रे दगडाचा त्रिमित नकाशा काढून पर्याय मांडतात. त्यानंतर लेझरने कापणी, घाट देणे आणि शेवटी घंटीवर पैलू पाडणे. घंटी म्हणजे वेगाने फिरणारी आडवी लोखंडी तबकडी. तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच भुकटी लावलेली असते. पारंपरिक कारखान्यात एका घंटीभोवती चार कारागीर बसतात. कारागीर पकडीतला हिरा तबकडीला टेकवतो, क्षणभराने उचलतो, आयग्लास (डोळ्याला लावायचे भिंग) लावून पाहतो, कोन किंचित बदलतो आणि पुन्हा टेकवतो. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात, म्हणजे हीच हालचाल दिवसभरात शेकडो वेळा होते. पैलू जास्त घासला गेला की वजन गेले, ते परत येत नाही. मजुरी बहुतांश ठिकाणी नगावर. अनेक लहान कारखान्यांत नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठी वा भविष्यनिर्वाह निधी नसतो.

संशोधनाची पार्श्वभूमी : ताणाची शारीरिक संकल्पना हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या टिपणापासून सुरू झाली. कामाच्या ठिकाणच्या ताणाचे सर्वाधिक वापरले गेलेले प्रतिमान रॉबर्ट कारासेक यांचे (१९७९). कामाचा भार जास्त आणि कामावर नियंत्रण कमी, या जोडीतून हानी होते, असे ते सांगते. योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये श्रम व मोबदला यांच्या असंतुलनावर भर दिला. त्यांच्या मते मोबदल्यात पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वतीही येते. भारतात उदय पारीक यांची संघटनात्मक भूमिकाताण मापनश्रेणी (१९८३) आणि अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील डी. एम. पेस्तनजी यांचे काम महत्त्वाचे आहे. पारीक यांची श्रेणी दहा प्रकारचे भूमिकाताण मोजते. ती संस्थेच्या उतरंडीत काम करणाऱ्यांसाठी घडलेली आहे. घंटीवरच्या माणसाची भूमिका संदिग्ध नसते, त्याला काय करायचे ते नेमके ठाऊक असते. त्याचा ताण वेगळ्या ठिकाणी आहे.

अहमदाबादचा प्रयोग : कामाची रचना आणि कामगाराचे मन यांचा गुजरातमध्ये झालेला सर्वांत तपशीलवार अभ्यास हिऱ्यांचा नसून कापडाचा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने अहमदाबादच्या गिरण्यांसाठी ‘अटीरा’ ही संशोधन संस्था निघाली आणि तिच्यात कमला चौधरी यांनी मानवी संबंधांविषयी काम उभे केले. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस कॅलिको मिलमध्ये आले. तेथे नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. प्रयोगाच्या खात्यात २२४ माग, २९ कामगार आणि त्यांची बारा प्रकारच्या कामांत विभागणी होती. कोणी फक्त तुटलेला धागा जोडी, कोणी फक्त बॉबिन भरी, आणि एकाच कामगाराला अनेकांच्या मागे धावावे लागे. राइस यांनी चर्चेत सुचवले की मागांच्या एका संचाची सर्व जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी. कामगारांनी ही कल्पना तत्काळ उचलली आणि गटांत कोण कोणाबरोबर काम करणार हे आपसांत ठरवले. पुढे काही काळ घसरण झाली, तरी बस्तान बसल्यावर कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपासून ९५ टक्क्यांच्या घरात गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ वरून २० टक्क्यांवर आले. राइस यांचे पुस्तक १९५८ मध्ये निघाले. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात गटपद्धती टिकून होती. इतरत्र बाजाराच्या दबावाखाली ती विरली होती. गटपद्धतीबरोबर मजुरीही वाढली होती, म्हणून सुधारणेचे श्रेय स्वायत्ततेला द्यावे की पैशाला, हा वाद मिटलेला नाही. तरीही कामगाराला काम कसे करायचे ते ठरवू दिल्यास तो अधिक चांगले ठरवतो, याचा इतका जवळचा पुरावा आपल्याकडे दुसरा नाही, आणि कतारगामचा विचार करताना तो डावलता येत नाही.

हिरेउद्योगाविषयीचे लेखन : यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमधील अस्थिर मजुरांवर दीर्घकाळ लिहिले (१९९६ चा ग्रंथ प्रसिद्ध). मिरांडा एंगेलशोवेन यांचा १९९९ चा लेख सुरतचे हिरे व पटेल समाज यांविषयी आहे. बरेचसे मालक आणि कारागीर एकाच सौराष्ट्री समाजातले, कधी एकाच गावचे. त्यामुळे अडीनडीला उसने मिळते, पण शेठविरुद्ध तक्रार करणे म्हणजे नात्यात बोलणे होते. हा ताण प्रश्नावलीत सहज उतरत नाही.

नियंत्रणाचा प्रश्न : कारासेक यांच्या कसोटीवर घंटीचे काम वाईट ठरत नाही. कोन, दाब व क्षण कारागिराच्या हातात असतात आणि चूक की बरोबर हे आयग्लास लगेच दाखवते. मिहाय चिकसेंटमिहाय यांनी ज्या तल्लीन अवस्थेचे वर्णन केले, तिच्या बहुतेक अटी येथे पुऱ्या होतात : स्पष्ट ध्येय, तत्काळ प्रतिसाद, कौशल्याला साजेसे आव्हान. उद्या पैलू पाडण्यासाठी हिऱ्यांची पुडी मिळेल की नाही, यावर मात्र कारागिराचे काहीच चालत नाही. ते मॉस्को, अँटवर्प, न्यूयॉर्क व मुंबईच्या बाजारांत ठरते. हातावर पूर्ण ताबा आणि रोजगारावर शून्य ताबा, ही विषम जोडी या उद्योगाच्या मानसशास्त्राचा मुख्य मुद्दा मानावा लागेल. कामाच्या आतले नियंत्रण मोजणाऱ्या मापनपट्ट्या ती टिपत नाहीत. झीग्रिस्ट यांची मांडणी तिच्या अधिक जवळ जाते.

सर्जनशीलता : टेरेसा अमाबिले यांच्या संशोधनाने आंतरिक प्रेरणेला सर्जनशीलतेचा आधार मानले. स्टीव्हन क्रेमर यांच्याबरोबर त्यांनी सात कंपन्यांतील २३८ जणांच्या सुमारे १२,००० रोजनिशी-नोंदी तपासल्या. अर्थपूर्ण कामात रोज थोडी प्रगती दिसणे हे प्रेरणेचे सर्वांत बलवान कारण आढळले. हे सर्व लोक कार्यालयांत काम करणारे होते. कतारगाममध्ये सर्जनशील निर्णय एकेकाळी नियोजकाच्या नजरेत होता. यंत्राने पर्याय मांडायला सुरुवात केल्यावर त्याचे काम निवडीपुरते उरले, असे एक मत; अवघड दगडात अजूनही अनुभवी नजरच चालते, असे दुसरे. घंटीवरचा कारागीरही नियोजन जसेच्या तसे पाळत नाही. दगडाची रेघ विरुद्ध गेली की तो दिशा बदलून पाहतो, आणि ती सुधारणा कोणत्याही नोंदवहीत जात नाही. सर्जनशीलतेच्या अभ्यासकांनी या छोट्या, हाताने घेतलेल्या निर्णयांना सर्जन म्हणून मोजायला हवे.

मंदी : २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर दिवाळीची सुट्टी संपूनही अनेक कारखाने उघडले नाहीत आणि हजारो कुटुंबे सौराष्ट्रात परतली. गुजरात सरकारने त्या काळात ‘रत्नदीप’ या नावाने प्रशिक्षण-योजना राबवली. दुसरी मोठी घसरण २०२२ नंतरची. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांमुळे भाव पडले, चीनची मागणी घटली आणि जी-७ देशांनी १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांवर बंदी घातली. १ मार्चपासून ती इतर देशांत पैलू पाडलेल्या मोठ्या रशियन हिऱ्यांनाही लागू झाली. २०२३ च्या डिसेंबरात खजोद येथे हिरेबाजाराच्या भव्य संकुलाचे उद्घाटन झाले, ते याच काळात. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. या वर्षांत कारागिरांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या. त्यांच्या संख्येविषयी कामगार संघटना आणि उद्योग यांच्यात एकवाक्यता नाही, आणि प्रत्येक घटनेचे कारण रोजगारातच शोधणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही.

बेकारीच्या मानसिक परिणामांसाठी ऑस्ट्रियातील मारिएंथाल या गिरणीगावाचा अभ्यास (मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल, १९३३) आजही आधारभूत आहे. गिरणी बंद पडल्यावर लोकांना वेळ भरपूर मिळाला, पण वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्याने घटली. रिकामा वेळ आपोआप वाचनाला किंवा नव्या उद्योगाला लागत नाही. सक्तीच्या सुट्टीत कारागिराने दुसरे कौशल्य शिकावे, असे सुचवणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात घ्यावा.

उपाय : डायमंड वर्कर्स युनियन गुजरात या संघटनेने जुलै २०२४ मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी दूरध्वनी मदतसेवा सुरू केली. तेथे येणाऱ्या विचारणा मुख्यतः काम, घरभाडे, मुलांची फी आणि कर्जाचे हप्ते यांविषयी होत्या. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने साहाय्य जाहीर केले. त्यात कारागिरांच्या मुलांची वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंतची फी आणि लहान कारखान्यांना कर्जावरील व्याजात सवलत यांचा समावेश होता. हे आवश्यक होते. मात्र मंदीच्या महिन्यांत किमान मजुरीची हमी, कारागिराच्या नावाची नोंद आणि काम थांबण्याची आगाऊ सूचना या तीन गोष्टींनी मनावरचा भार सर्वाधिक हलका होईल, असे वर दिलेल्या संशोधनावरून म्हणता येते. समुपदेशन त्यांच्या जोडीला हवे. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.