एक्स्चेंज कुणाच्या आवारात? जबलपूरमधील कार्यालयीन टेलिफोनचा इतिहास

कार्यालयाचे टेलिफोन एक्स्चेंज स्वतःच्या आवारात बसवायचे की टेलिफोन पुरवणाऱ्याकडेच ठेवायचे, हा प्रश्न क्लाउडच्या फार आधीचा आहे. शंभर टेबलांवर फोन असले तरी सगळे जण एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत, म्हणून बाहेरच्या दहा-बारा लाइनींत काम भागते. या हिशेबाला डेन्मार्कचे गणिती ए. के. एर्लांग यांनी 1917 मध्ये सूत्राचे रूप दिले. आतले फोन आणि बाहेरच्या लाइनी यांच्यामध्ये जोडणी करणारी यंत्रणा मात्र हवीच. ती कुठे उभी राहते, कुणाच्या मालकीची असते आणि बिघडली तर दुरुस्तीला कोण येते, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जबलपूरमध्ये त्यांची उत्तरे काळानुसार बदलत गेली.

या शहरात मोठी आवारे लवकर उभी राहिली. अलाहाबादहून ईस्ट इंडियन रेल्वे 1867 मध्ये जबलपूरला पोहोचली आणि मार्च 1870 मध्ये मुंबईहून आलेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) तिला इथेच मिळाली. 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना, 1969 मध्ये व्हेईकल फॅक्टरी. लष्कराच्या सिग्नल्स विभागाचे प्रशिक्षण केंद्रही इथलेच. नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात 1956 पर्यंत राहिलेले हे शहर त्या वर्षी नव्या मध्य प्रदेशात गेले आणि उच्च न्यायालय इथे आले. मैलभर पसरलेली कारखान्याची वसाहत, शेड, दवाखाना, अग्निशमन केंद्र आणि फाटकावरचा पहारा यांना दिवसभर एकमेकांशी बोलावे लागते. त्यातला प्रत्येक फोन शहराच्या एक्स्चेंजला स्वतंत्र तारेने जोडणे कुठल्याच हिशेबात बसत नव्हते. अशा आवारांसाठी एक्स्चेंज आतच ठेवणे ही गरज होती.

हे आतले एक्स्चेंज म्हणजे सुरुवातीला लाकडी चौकटीचा उभा बोर्ड. प्रत्येक एक्स्टेन्शनला, म्हणजे आतल्या फोनला, एक भोक आणि त्यावर एक छोटी झडप. कुणी फोन केला की झडप खाली पडे. ऑपरेटर समोरच्या दोरीची पिन त्या भोकात घालून कळ दाबी, नंबर विचारी आणि जोडीची दुसरी पिन हव्या त्या एक्स्टेन्शनमध्ये किंवा बाहेरच्या जंक्शन लाइनीत खुपशी. बोलणे संपल्याची खूण दिसली की दोन्ही दोऱ्या ओढून घेई. साहेब दौऱ्यावर आहेत की जेवायला गेलेत, कुठला ट्रंक कॉल आधी द्यायचा, हे बोर्डाला कळत नसे, ऑपरेटरला कळे. पुढे आलेल्या स्वयंचलित यंत्रांना ही जाण कधीच पुरती देता आली नाही, आणि ऑपरेटरच्या कामाची नोंद इतिहासाने फार थोडी ठेवली आहे.

बोर्ड आवारात असला तरी आवाराच्या मालकीचा असेलच असे नव्हे. डाक-तार खाते तो भाड्याने देई, तारा खात्याच्या, लाइनमनही खात्याचा. ऑपरेटर तेवढा कार्यालयाचा. म्हणजे यंत्र घरात आणि मालकी बाहेर, अशी व्यवस्था कित्येक दशके चालली. आजच्या भाडेतत्त्वावरच्या सेवेत नवे काय आणि जुने काय, हे या व्यवस्थेशी ताडून पाहिले की नीट समजते.

याच्या अगदी उलट टोकाला रेल्वे आणि वीज मंडळ होते. रेल्वेने रुळांच्या कडेने स्वतःच्या तारा नेल्या, स्वतःची एक्स्चेंज आणि स्वतःचे क्रमांक ठेवले. 2003 मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय होण्यापूर्वी जबलपूर विभाग मध्य रेल्वेत होता, त्यामुळे त्याच्या कारभाराचे बोलणे मुंबईशी चाले. मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे मुख्यालयही जबलपुरात, रामपूर भागातील शक्ती भवनात होते. वीज मंडळांनी तर बोलण्यासाठी वेगळी तार टाकलीच नाही. उच्चदाबाच्या वाहिनीवरच काही शे किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरींवर आवाज चढवायचा, उपकेंद्रात कपॅसिटरमार्गे तो उतरवून घ्यायचा आणि वेव्ह ट्रॅप नावाच्या जाड वेटोळ्याने त्याला पुढच्या यंत्रांत शिरण्यापासून अडवायचे, अशी ती पद्धत. वादळात शहराचा फोन मेला तरी एका उपकेंद्रातून दुसऱ्याला वाहिनी बंद करायला सांगता आले पाहिजे. जिथे माणसाचा जीव त्या फोनवर अवलंबून असतो, तिथे स्वतःची यंत्रणा ठेवण्याचा खर्च वायफळ म्हणता येत नाही.

स्वतःची यंत्रणा ठेवायची तर ती उघडून दुरुस्त करणारा माणूस हवा, आणि या बाबतीत जबलपूरचे स्थान वेगळे आहे. रिज रोडवरचे दूरसंचार प्रशिक्षण केंद्र 1942 चे. पुढे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. देशाच्या निरनिराळ्या भागांतले खात्याचे अभियंते इथे एक्स्चेंजचे काम शिकून गेले. खांबांपासून कंसांपर्यंत लाइनीचे लोखंडी सामान बनवणारी टेलिकॉम फॅक्टरीही याच शहरात. मध्य भारतातल्या इतर गावांपेक्षा जाणती माणसे इथे जवळ होती.

मालकीचे गणित 1984 नंतर फिरले. त्या वर्षी ग्राहकाच्या आवारात बसणाऱ्या टेलिफोन उपकरणांचे उत्पादन खासगी कारखान्यांना खुले झाले आणि ऑगस्टमध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या 128 पोर्टच्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजचे तंत्र अनेक उत्पादकांना परवान्याने मिळाले. इपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे इलेक्ट्रॉनिक स्वयंचलित एक्स्चेंज, हा शब्द हॉटेल, दवाखाना, वर्तमानपत्राचे कार्यालय अशा मध्यम ग्राहकांच्या तोंडी बसला तो यानंतर. त्या काळी नव्या लाइनीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबावे लागे. चार लाइनींवर तीस फोन चालवणारा भिंतीवरचा डबा विकत घेणे हाच त्यावर व्यवहारी तोडगा होता. या टप्प्यावर यंत्र पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ग्राहकाचे झाले आणि त्याबरोबर बॅटरीचे पाणी, विजेचा कडकडाट आणि वार्षिक देखभालीचा करारही त्याच्या गळ्यात पडला.

खात्याची एक्स्चेंज डिजिटल झाल्यावर दुसरा मार्ग खुला झाला. अमेरिकेत 1960 च्या दशकात रुळलेली सेंट्रेक्स ही पद्धत भारतातही आली. एका कार्यालयाच्या लाइनींचा गट शहराच्या एक्स्चेंजमध्येच बांधायचा, आतल्या आत छोट्या क्रमांकांनी बोलायचे, आवारात फक्त फोन ठेवायचे. आजच्या होस्टेड सेवेची, म्हणजे पुरवठादाराकडेच एक्स्चेंज ठेवणाऱ्या सेवेची, ही थेट पूर्वज. तिची खरी अडचण तांब्याची होती, कारण प्रत्येक टेबलासाठी एक्स्चेंजपर्यंत स्वतंत्र जोडी लागे. उलट इपीएबीएक्सला पीआरआय नावाची 2 मेगाबिटची एक डिजिटल जोडणी दिली की एका वेळी तीस संभाषणे चालत. म्हणून मोठी आवारे इपीएबीएक्सवरच राहिली.

इंटरनेटने तांब्याची ही अडचण संपवली. एका संभाषणाला न दाबलेल्या आवाजात साधारण 90 किलोबिट लागतात, त्यामुळे तीस संभाषणे 3 मेगाबिटच्या आत मावतात. भारतात मात्र तंत्राआधी नियम आडवे होते. इंटरनेटवरचा आवाज आणि सार्वजनिक टेलिफोन यांची सरमिसळ कार्यालयाच्या एक्स्चेंजमध्ये करता येत नसे, नाहीतर ट्रंकचे उत्पन्न बुडेल अशी धास्ती होती. 2018 मध्ये इंटरनेट टेलिफोनीचा रस्ता मोकळा झाला. कॉल सेंटरांसाठीचे नियम नोव्हेंबर 2020 मध्ये आणि पुन्हा जून 2021 मध्ये सैल झाले, आणि त्यांचे एक्स्चेंज दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायला वाव मिळाला. बरगी हिल्सच्या आयटी पार्कसारख्या जागी भाड्याच्या मजल्यावर बसणाऱ्या कंपनीला आता डबा विकत घेण्याचे फारसे कारण नाही. माणसे वाढली-घटली तर फोनही तसेच वाढवता-घटवता येतात.

तोटा दिसतो तो लाइन तुटल्यावर. जुन्या फोनला वीजही एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीतून तारेवाटे मिळे. आता फोन, स्विच आणि फायबरचे यंत्र यांना आवारातच बॅकअप लागतो. होस्टेड सेवेत जोडणी ठरवणारी यंत्रणाच दूरच्या शहरात असते, त्यामुळे रस्ता खणताना केबल तुटली की शेजारच्या खोलीतला फोनही लागत नाही. दारूगोळा हाताळणाऱ्या कारखान्याला हे परवडणारे नाही. त्यात ऑक्टोबर 2021 पासून खमरिया पुण्यातील मुख्यालयाच्या कंपनीत, गन कॅरेज कानपूरच्या आणि व्हेईकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडी येथील कंपनीत गेली आहे. पूर्वी तिघांचे वरिष्ठ कार्यालय कोलकात्यात होते. अशा ठिकाणी आतले एक्स्चेंज आवारात आणि बाहेरची जोडणी आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने, ही मिश्र रचनाच सर्वांत सयुक्तिक ठरते. शेड, फाटक आणि अग्निशमन केंद्र यांचे बोलणे बाहेरच्या कुठल्याही केबलवर टांगलेले राहत नाही, आणि पुणे, कानपूर किंवा आवडीशी बोलायला प्रत्येक फोनमागे वेगळी तार लागत नाही.