मोटारीचे वीजतंत्र आणि सीमाभागातील कारागीर

मोटारगाडी पेट्रोलवर चालते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. ते खरेही आहे. परंतु पेट्रोलची वाफ आणि हवा यांच्या मिश्रणाला नेमक्या क्षणी ठिणगी मिळाली नाही, तर उत्तमातले उत्तम इंजिन हे लोखंडाचा निर्जीव गोळा ठरते. मोटारीचा इतिहास हा म्हणूनच पुष्कळ अंशी ठिणगीचा इतिहास आहे. गाडी जुनी होऊ लागली म्हणजे तिचे लोखंड टिकते, पण वीज आधी थकते. वेगासाठी बांधलेल्या, दोन आसनांच्या गाड्यांच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. अशा गाड्या थोड्या निघतात, त्यांचे सुटे भाग दुर्मिळ असतात आणि त्या भागांची किंमत पहिल्या, श्रीमंत मालकाकडे पाहून ठरलेली असते. गाडी मात्र वीस-पंचवीस वर्षांनंतर बहुधा एखाद्या मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या दारात उभी असते. तिचा विजेचा दोष थोड्या खर्चात कसा काढावा, हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याला जुना इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचे दर्शन बेळगावसारख्या गावी चांगले घडते.

बेळगाव हे रस्त्यांचे गाव आहे. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता निपाणी व संकेश्वर मागे टाकून येथे येतो. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याकडे, तर चोर्ल्याच्या घाटाने गोव्याकडे येथूनच वाट फुटते. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यानंतर किल्ल्याच्या बाजूला लष्कराची छावणी वसली. तिलाच लोक ‘कॅम्प’ म्हणतात. रुंद व सरळ रस्ते, झाडांच्या सावलीतील बंगले आणि बदलीवर येणारे-जाणारे अधिकारी हे छावणीचे नेहमीचे चित्र होय. जेथे वाहन बाळगणारा माणूस राहतो, तेथे वाहन दुरुस्त करणाराही येऊन राहतो. छावणीच्या गावात मोटारीची विद्या रुजावी, यात नवल नाही.

पण बेळगावच्या कारागिरीची मुळे मोटारीपेक्षाही जुनी आहेत. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी येथे सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत आणि तेथून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या विकीत, एवढेच नव्हे तर गिऱ्हाइकाला सायकल चालवावयासही शिकवीत. पुढे त्याच बंधूंनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले. जागेची अडचण उभी राहिली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर, म्हणजेच आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. कारखाना गेला, परंतु परकी वस्तू उघडून पाहावी, तिचे मर्म समजून घ्यावे आणि आपल्या ऐपतीत ती दुरुस्त करावी किंवा नवी घडवावी, ही वृत्ती या भागात राहिली. आज उद्यमबागेतील ओतशाळांत आणि यंत्रशाळांत मोटारींचे भाग तयार होतात, त्यामागे हीच परंपरा आहे.

आता मोटारीच्या विजेकडे वळू. आरंभीच्या मोटारीत मॅग्नेटो असे. चुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरवून ठिणगी निर्माण करणारे हे साधन. जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि मोटारीला भरवशाची ठिणगी लाभली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जुळणी केली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टरही आला आणि हँडल मारण्याचा त्रास संपण्याच्या मार्गाला लागला. डायनामो, कटआउट, डिस्ट्रिब्यूटर, कंडेन्सर आणि पॉइंट अशी ही पाच-सहा साधने. त्यांवर जगाच्या मोटारी जवळजवळ साठ वर्षे चालल्या.

या साधनांचा एक गुण फार मोलाचा होता. ती डोळ्यांना दिसत. पॉइंट काळे पडले तर पॉलिश कागदाने घासता येत. त्यांतील फट पात्याने मोजता येई. डायनामोचे आर्मेचर जळाले तर त्यावर नवी तार गुंडाळता येई. या गुणाची खरी किंमत कळली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबईत शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्यासारखीच फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी १९५३-५४ च्या सुमारास येथील काम आटोपते घेतले. कारण भाग आणून नुसती जुळणी न करता मोटार देशातच घडविली पाहिजे, असे सरकारी धोरण ठरले होते. परकीय चलनाची टंचाई वाढली आणि आयात आक्रसली. ज्याच्याजवळ विलायती दोन आसनी गाडी होती, त्याला तिचा भाग मिळणे जवळजवळ अशक्य झाले. बंगळूरला १९५१ मध्ये निघालेली ‘मायको’ आणि पुढे मद्रासला निघालेली ल्यूकस-टीव्हीएस यांनी देशी गाड्यांची गरज भागविली. पण एमजीसारख्या गाडीचा मालक हा गल्लीतल्या वायरिंगच्या कारागिरावरच विसंबून राहिला.

त्या कारागिराने काय केले? त्याने एका गाडीचा कंडेन्सर दुसरीला बसविला, ट्रकची कॉइल लहान गाडीला जुळवून घेतली आणि कापडी आवरणाच्या कुजलेल्या तारा काढून नव्या ओढल्या. १९६७ पूर्वीच्या एमजीबी गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि त्यांचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट! हे ज्याला ठाऊक नसे, तो उलटी बॅटरी जोडून बसे. अशा खाचाखोचा पुस्तकात नव्हत्या असे नाही. परंतु पुस्तक मिळत नसे. म्हणून ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेली.

पुढे युग पालटले. १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीवर बॉश कंपनीचे ‘डी-जेट्रॉनिक’ हे तंत्र आले. इंजिनाला किती पेट्रोल द्यावयाचे, हे कार्ब्युरेटरऐवजी ट्रान्झिस्टरांची एक पेटी ठरवू लागली. १९७९ मध्ये ‘मोट्रॉनिक’ने ठिणगी आणि पेट्रोल या दोहोंचा कारभार एकाच संगणकाकडे सोपविला. भारतात ही लाट उशिरा आली. २००० साली धुराविषयीचे नवे नियम देशभर लागू झाले, त्याच्या आगेमागे कार्ब्युरेटर मावळू लागला. डोळ्यांना दिसणारा दोष आता काळ्या पेटीत जाऊन बसला.

या संधिकाळाचे एक उदाहरण बेळगावच्या शेजारीच घडले. १९९८ च्या सुमारास गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची, दोन आसनांची गाडी तयार होऊ लागली. अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटरचे. गाड्या थोड्याच निघाल्या आणि पुढे उत्पादन थांबले. अशा गाडीला आता पाव शतक होत आले आहे. तिची वीज समजून घेताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. पत्र्याच्या गाडीत सारे अंगच विजेच्या परतीची वाट असते; दिव्याला एक तार नेली की काम भागते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. तेथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटारीला परतीची वेगळी तार लागते, आणि ती तार एखाद्या बोल्टाखाली गंजली की भलतेच चमत्कार दिसू लागतात. ब्रेक दाबावा तो इंडिकेटर लुकलुकतो, हॉर्न वाजवावा तो पेट्रोलचा काटा हलतो. मालकाला वाटते, संगणक बिघडला. प्रत्यक्षात बिघडलेला असतो एक बोल्ट.

येथेच जुन्या कारागिरीची कसोटी लागली. डायनामोच्या काळी इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची रीत होती. इंजिन चालत राहिले तर डायनामो ठीक समजावा. अल्टरनेटर असलेल्या गाडीत हेच केले, तर क्षणार्धात विजेचा दाब कित्येक पटींनी उसळतो आणि नियंत्रक पेटी जळू शकते. तार सांगाड्यावर घासून ठिणगी पाहणे, जास्त वीज ओढणाऱ्या दिव्याने चाचणी घेणे, या सवयीही घातकच. चाळीस वर्षे ज्या हातांनी गाड्या जगविल्या, तेच हात नकळत गाडी मारू लागले. हा दोष कारागिराच्या बुद्धीचा नव्हता. नव्या विद्येचे दार त्याला कोणी उघडून दिले नव्हते.

तथापि ज्यांनी जुन्या वृत्तीला नव्या साधनाची जोड दिली, त्यांचा मार्ग स्वस्तही ठरला आणि बिनचूकही. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम बॅटरी: गाडी बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असता १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. मग परतीची वाट: बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यामध्ये, सेल्फ मारीत असता, अगदी अल्प फरक दिसावा. तो वाढला तर तार किंवा तिचा सांधा खराब. मग फ्यूज आणि रिले. मग संवेदक: इंजिनाचे तापमान कळविणाऱ्या संवेदकाचा रोध थंडपणी दोन-अडीच हजार ओहम आणि इंजिन तापल्यावर तीनशेच्या आसपास असतो; तो बदलतच नसेल तर दोषी सापडला. जुन्या कित्येक गाड्यांत दोन टोके तारेने जोडली की तक्त्यावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोषाचा अंक सांगतो. त्यानंतरच्या गाड्यांत तो अंक काही शे रुपयांच्या यंत्राने वाचता येतो. नियंत्रक पेटीकडे वळावयाचे ते सर्वांत शेवटी. तिच्यातही बहुधा दोनच रोग आढळतात. रसायन भरलेले कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांत पाझरतात आणि कथलाच्या सांध्यांना केसाएवढ्या भेगा जातात. दोन्ही रोग रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखालचे आहेत.

बेळगावच्या हवेचाही येथे विचार केला पाहिजे. चार महिने धो धो पाऊस आणि सर्वत्र दमटपणा. तांब्याच्या तारेवर आवरणाखाली हिरवा गंज चढतो. थंडीत उबेला आलेला उंदीर तारा कुरतडतो. त्यावर मागील प्रत्येक मालकाने जोडलेले भोंगे, दिवे आणि टेप यांच्या तारांचे जाळे. अनुभवी कारागीर म्हणूनच आधी उपरे जोड काढून टाकतो आणि मग रोग शोधतो.

प्रश्न उरतो तो पैशाचा आणि हक्काचा. मोठ्या कार्यशाळेत दोष शोधण्यापेक्षा संपूर्ण पेटी बदलण्याकडे कल असतो आणि जुन्या गाडीची पेटी कित्येकदा गाडीच्या मोलाला जाते. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे तक्रार आली की, मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. परंतु दुरुस्तीची विद्या कोंडून ठेवणे हा ग्राहकावरील अन्याय आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने उघडपणे मांडले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी माहितीचे दालन उघडले, त्यात मोटारींचाही समावेश केला. दुसऱ्या बाजूने १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. एका हाताने दुरुस्तीचा हक्क आणि दुसऱ्या हाताने जुनेपणाचा दंड, अशी ही परिस्थिती आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव आणि निपाणी एका राज्यात गेली, कोल्हापूर दुसऱ्यात राहिले. परंतु बिघडलेल्या गाडीला ही रेषा दिसत नाही. केए-२२ ची बेळगावची गाडी, केए-२३ ची निपाणीकडील, एमएच-०९ ची कोल्हापूरची आणि घाट चढून आलेली गोव्याची गाडी यांच्या तारांत एकच वीज वाहते आणि तिची भाषा जाणणारा माणूस सर्वांनाच हवा असतो. सायकल शिकवून सायकल विकणाऱ्या किर्लोस्कर बंधूंनी याच गावात दाखवून दिले होते की, यंत्र विकण्याइतकेच यंत्राची विद्या देणेही महत्त्वाचे असते. काळी पेटी उघडण्याची विद्या लहान कारागिराच्या हाती पोहोचली, तर जुन्या गाड्या आणखी कित्येक वर्षे घाट चढतील. ती पोहोचली नाही, तर गाडी भंगारात जाईल आणि तिच्यामागोमाग तो कारागीरही आपले दुकान बंद करील. गाडीच्या नुकसानीची भरपाई होऊ शकते. तीन-चार पिढ्यांच्या हातांत मुरलेल्या विद्येची भरपाई कोणत्याही कारखान्यातून येत नाही.