हेगेल, क्लाउझेविट्झ आणि स्वातंत्र्याचें युद्धशास्त्र

इसवी सन १८३१ च्या नोव्हेंबर महिन्यांत प्रशियाच्या राज्यांत पटकीची सांथ चालू होती. त्या महिन्याच्या १४ तारखेस बर्लिन येथें तत्त्ववेत्ता हेगेल मरण पावला. १६ तारखेस ब्रेस्लाउ शहरीं जनरल कार्ल फॉन क्लाउझेविट्झ यानें प्राण सोडला. दोघांच्याहि मृत्यूचें कारण पटकी असेंच त्या वेळीं सांगण्यांत आलें. हेगेलच्या प्रेतयात्रेस विद्यार्थ्यांची रीघ लागली. क्लाउझेविट्झचें नांव मात्र लष्करी वर्तुळाबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. ज्या ग्रंथामुळें तें पुढें सर्वतोमुखीं झालें तो 'युद्धाविषयीं' हा ग्रंथ मोहोर केलेल्या पुडक्यांत पडून होता.

१८१८ ते १८३० हीं बारा वर्षें हे दोघे पुरुष एकाच बर्लिन शहरांत वावरत होते. एक विद्यापीठांत शिकवीत होता, दुसरा युद्धशाळेचा संचालक होता. क्लाउझेविट्झच्या ग्रंथांत हेगेलचा नामनिर्देश नाहीं. तरीपण त्याची विचार करण्याची रीत हेगेलच्या रीतीशीं इतकी जुळते कीं, १९११ सालीं पॉल क्रॉइत्सिंगर नांवाच्या जर्मन लेखकानें हेगेलच्या क्लाउझेविट्झवरील प्रभावाविषयीं एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. तेव्हांपासून हा वाद चालत आला आहे. कोणी कोणापासून किती उसनें घेतलें ह्याचा हिशेब मांडण्यांत मला स्वतःला फारसें स्वारस्य वाटत नाहीं. दोघेहि एकाच आपत्तींतून गेले होते, आणि त्या आपत्तीनें दोघांपुढें एकच प्रश्न टाकला होता. ज्याला स्वतःचें असें कांहींच नाहीं, तो मनुष्य कशासाठीं लढेल?

ती आपत्ति म्हणजे येनाचा पराभव. १३ ऑक्टोबर १८०६ रोजीं फ्रेंच सैन्य येना शहरांत शिरलें. छत्तीस वर्षांचा हेगेल त्या वेळीं तेथेंच होता. त्याचा पहिला मोठा ग्रंथ, 'आत्मतत्त्वाचें प्रकटीकरण', पुरा होत आला होता, आणि त्यांतील कांहीं पानें टपालानें बाम्बेर्गच्या मुद्रकाकडे निघालीं होतीं. त्याच दिवशीं आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत त्यानें दोन गोष्टी सांगितल्या : हस्तलिखिताची त्याला लागलेली काळजी, आणि घोड्यावर बसून शहराबाहेर पाहणीस निघालेला नेपोलियन. सम्राटाच्या रूपानें जगाचा आत्माच एका जागीं एकवटून घोड्यावर स्वार झालेला आपण पाहिला, अशा आशयाचें तें पत्र आहे. दुसऱ्या दिवशीं, कांहीं मैलांवर असलेल्या आउअरश्टेटच्या रणांगणावर, सव्वीस वर्षांचा कॅप्टन क्लाउझेविट्झ त्याच सम्राटाच्या सेनेशीं लढत होता. दोन आठवड्यांनीं तो शत्रूच्या हातीं सांपडला आणि त्याची रवानगी फ्रान्समध्यें झाली. एकाला जो जगाचा आत्मा दिसला, तोच दुसऱ्याला आपल्या देशाच्या छातीवर बसलेला दिसला. ह्या दोन दृष्टींतील अंतर पुढेंहि मिटलें नाहीं.

पराभवाइतकीच त्यानंतरची अवकळा विलक्षण होती. थोर फ्रेडरिकच्या कीर्तीवर वाढलेलें सैन्य एका दिवसांत मोडलें. माग्देबुर्गसारखा बळकट किल्ला वीस हजारांवर शिबंदी असतांना नोव्हेंबरांत शत्रूच्या स्वाधीन झाला. बर्लिनच्या गव्हर्नरानें शहरांत जाहीरनामा लावला. राजानें एक लढाई गमावली आहे, आतां नागरिकांचें पहिलें कर्तव्य शांत राहणें हें होय, असा त्याचा मतलब होता. ह्या जाहीरनाम्याला हंसणें सोपें आहे. परंतु त्यांत जुन्या राज्यपद्धतीचें सारें सार आलेलें होतें. लढाई राजाची, ती त्यानें जिंकावी किंवा हरावी, रयतेनें गप्प बसावें. रयत गप्प बसली, आणि २७ ऑक्टोबरला नेपोलियन बर्लिनमध्यें दाखल झाला.

जुनें प्रशियन सैन्य मोडलें ह्याचें एक कारण शुद्ध लष्करी होतें, व तें समजून घेण्याजोगें आहे. त्या सैन्यांत जमीनदारांचे कुळवाडी-दास होते आणि पैसे देऊन किंवा फसवून आणलेले परदेशी होते. त्यांना छडीच्या धाकानें रांगेंत उभें करीत. अशी रांग कवाईत उत्तम करी. परंतु ती सोडून चार शिपायांना झाडीआड पाठवावें, तर ते परत येतील ह्याची शाश्वति नसे. उलटपक्षीं, ऑगस्ट १७९३ च्या सार्वत्रिक सैन्यभरतीनंतरचा फ्रेंच शिपाई विखरून, आडोसा धरून, आपल्या बुद्धीनें गोळीबार करी, कारण तो पळून जाईल ही भीति त्याच्या अधिकाऱ्यांना तितकीशी नव्हती. म्हणजे स्वातंत्र्य हें केवळ सभेंत बोलण्याचें तत्त्व राहिलें नाहीं. तें व्यूहरचनेचें अंग झालें. दास आणि मुक्त मनुष्य ह्यांमधला भेद शंभर यार्डांवरून बंदुकीच्या धुरांत दिसूं लागला.

प्रशियांतील सुधारकांनीं हा धडा जलद घेतला. ९ ऑक्टोबर १८०७ च्या फर्मानानें शेतकऱ्यांची वंशपरंपरागत दास्यांतून सुटका जाहीर झाली. १८१० च्या नोव्हेंबरपासून ती सर्वत्र अमलांत यावयाची होती. १८०८ सालीं श्टाइननें शहरांना स्वराज्याचे अधिकार दिले. त्याच वर्षीं शार्नहोर्स्ट व त्याचे सहकारी यांनीं अधिकारपदें गुणांवर खुलीं केलीं आणि फटक्यांची अपमानकारक शिक्षा बंद करविली. फटके बंद करण्याच्या बाजूनें ग्नायझेनाउनें जो लेख लिहिला त्याचा मथळा 'पाठीचें स्वातंत्र्य' असा होता. मला तो मथळा फार बोलका वाटतो. आत्म्याच्या स्वातंत्र्याविषयीं जर्मनींत त्या काळीं ग्रंथांचे ढीग पडत होते. ह्या सैनिकानें पाठीपासून सुरुवात केली. बंदिवासांतून सुटून आलेला क्लाउझेविट्झ ह्याच मंडळींत सामील झाला, आणि शार्नहोर्स्टला तो आपला गुरु मानी.

इकडे हेगेलचा ग्रंथ १८०७ मध्यें बाहेर पडला. त्यांत धनी आणि दास ह्यांचें प्रसिद्ध प्रकरण आहे. दोन जाणिवा समोरासमोर येतात. प्रत्येकीला दुसरीकडून मान्यता हवी असते. त्यासाठीं झुंज जुंपते. जो मृत्यूला भितो तो शरण जातो व दास होतो. जो भीत नाहीं तो धनी होतो. येथवर ही कथा कोणत्याहि क्षत्रियकुळास रुचेल अशी आहे. परंतु हेगेल तेथें थांबत नाहीं. धन्याला मिळालेली मान्यता दासाची, म्हणून फोल. आणि धनी दासाच्या श्रमावर जगूं लागल्यामुळें स्वतःच परावलंबी होतो. दास मात्र श्रम करतां करतां वस्तूला आकार देतो, आणि त्या वस्तूंत त्याला स्वतःची ओळख पटूं लागते. प्रत्येक अवस्था आपल्या पोटांत आपला विरोध वाढवते आणि त्यांतून पुढची अवस्था निघते. मराठींत ह्याला विरोधविकास असा शब्द रूढ आहे. (वाद, प्रतिवाद, संवाद हें त्रिकूट हेगेलच्या नांवावर खपतें, पण आपली पद्धति सांगतांना तो स्वतः ह्या शब्दांचा आश्रय क्वचितच घेतो.)

क्लाउझेविट्झची मांडणी आतां पाहूं. युद्ध म्हणजे मोठ्या प्रमाणावरची कुस्ती. आपली इच्छा दुसऱ्यावर लादण्यासाठीं केलेला बलप्रयोग. केवळ कल्पनेनें पाहिलें तर ह्या बलप्रयोगाला मर्यादा नाहीं : एक जितका जोर लावील त्याहून अधिक दुसऱ्यानें लावला पाहिजे, आणि दोघेहि टोकाला गेले पाहिजेत. परंतु प्रत्यक्षांत युद्धें अशीं टोकाला जात नाहींत. अडचणी, अफवा, चिखल, थकवा, ह्या सर्वांना तो एकच नांव देतो : घर्षण. ह्याहून मोठें बंधन म्हणजे राजकीय हेतु. युद्ध हें राजकारणाचेंच निराळ्या साधनांनीं केलेलें पुढचें पाऊल, हा त्याचा सिद्धांत ह्या दोन टोकांच्या ओढाताणींतून निघालेला आहे. तो सुटा काढून म्हणीसारखा वापरला जातो, आणि त्यामुळें पुष्कळदां राजकारण्यांना युद्धाचा परवाना दिल्यासारखा भासतो. मूळांत तो युद्धाला घातलेला लगाम आहे.

विरोधविकासाचा खरा कस लागतो तो बचाव आणि चढाई ह्यांच्या विवेचनांत. बचाव हें युद्धाचें अधिक बलवान रूप, पण त्याचा हेतु अभावात्मक, म्हणजे आहे तें राखण्याचा. चढाईचा हेतु भावात्मक, पण तिचें रूप दुर्बळ. चढाई जसजशी पुढें सरकते तसतशी क्षीण होत जाते, आणि एका बिंदूला पोंचल्यावर ती आपल्या विरुद्ध रूपांत पालटते. हें त्यानें केवळ पुस्तकांत वाचलेलें नव्हतें. १८१२ च्या आरंभीं प्रशियाच्या राजानें नेपोलियनशीं तह करून रशियावरील स्वारीस सैन्य देण्याचें कबूल केलें, तेव्हां क्लाउझेविट्झनें आपल्या राजाची चाकरी सोडली आणि तो रशियाच्या झारकडे गेला. बोरोदिनोच्या लढाईंत तो रशियन सैन्यांत होता. १४ सप्टेंबरला नेपोलियन मॉस्कोंत शिरला, १९ ऑक्टोबरला तेथून निघाला, आणि परतीच्या वाटेवर जगांतील सर्वांत मोठी फौज विरघळून गेली. डिसेंबरच्या ३० तारखेस प्रशियन सेनापति योर्क यानें राजाची परवानगी न घेतां टाउरोगेन येथें रशियनांशीं तटस्थतेचा करार केला. त्या वाटाघाटींत रशियनांच्या वतीनें ये-जा करणारा अधिकारी क्लाउझेविट्झच होता.

ह्याच बचावाच्या प्रकरणांत त्याचा तो मार्मिक विचार आहे : आक्रमक हा नेहमीं शांतताप्रियच असतो, आपल्या देशांत बिनविरोध शिरतां आलें तर त्याला हवेंच असतें. युद्धाला आरंभ होतो तो बचाव करणाऱ्याच्या नकारापासून. लेनिननें १९१५ सालीं बेर्नमध्यें हा ग्रंथ वाचतांना आपल्या वहींत ह्या वाक्याला हंसून दाद दिली. त्याच्या आदल्या वर्षीं त्याच गांवीं तो हेगेलचें तर्कशास्त्र वाचत होता. वाक्य विनोदी आहे खरें, पण स्वातंत्र्याची व्याख्या त्यांत दडलेली आहे. बर्लिनच्या गव्हर्नराच्या जाहीरनाम्याला हें उत्तर आहे. जो 'नाहीं' म्हणूं शकतो तोच युद्धांतील दुसरा पक्ष होऊं शकतो. ज्याला 'नाहीं' म्हणण्याची मुभा त्याच्याच राजानें ठेवलेली नाहीं, तो आक्रमकाला तरी तें कोठून म्हणणार?

हेगेल मात्र १८२१ च्या 'विधितत्त्व' ग्रंथांत निराळ्याच सुरांत बोलतो. वाऱ्यानें समुद्र नासत नाहीं, तसें युद्धानें राष्ट्राचें नैतिक आरोग्य टिकतें, असें तो म्हणतो. आधुनिक शौर्य हें व्यक्तीचें नसून समष्टीचें आहे आणि म्हणूनच विचारानें बंदुकीचा शोध लावला, असाहि त्याचा दावा आहे. बुद्धीचा हा खेळ चमकदार आहे. पण क्लाउझेविट्झच्या ग्रंथांतील चिखल आणि घर्षण येथें कोठेंच नाहीं. युद्धावर लिहितांना तत्त्ववेत्त्यापेक्षां सैनिकानें अधिक विवेक दाखवावा, ही गोष्ट मला लक्षांत ठेवण्याजोगी वाटते.

मार्च १८१३ मध्यें प्रशियांत लांडवेर, म्हणजे नागरिकांचें सैन्य, उभें राहिलें. एप्रिलमध्यें सर्व प्रजेनें शस्त्र धरावें असें फर्मान निघालें, आणि जुलैंतच तें सौम्य करण्यांत आलें. शस्त्रधारी प्रजेची धास्ती राजदरबारास शत्रूपेक्षां फारशी कमी नव्हती. २२ मे १८१५ रोजीं, नेपोलियन एल्बाहून परतला असतांना, राजानें प्रातिनिधिक राज्यघटनेचें वचन दिलें. वॉटर्लू झाली, आणि वचन तसेंच राहिलें. १८१९ मध्यें कार्ल्सबाडच्या ठरावांनीं विद्यापीठांवर व वृत्तपत्रांवर पहारा बसला. त्याच वर्षीं लांडवेरची स्वायत्तता तोडण्याच्या निषेधार्थ युद्धमंत्री बोयेन यानें राजीनामा दिला. क्लाउझेविट्झनें तेव्हां एक टिपण लिहून लांडवेरची बाजू मांडली : प्रजेच्या हातीं शस्त्र देण्यांत क्रांतीचें भय असेल, पण परचक्राचें भय त्याहून मोठें आहे, सरकारनें प्रजेचे प्रतिनिधि आपल्याभोंवतीं गोळा करावे. तें कोणी मानलें नाहीं. पाठ मोकळी झाली होती, वाचा झाली नाहीं.

आणि तरीहि ह्या मनुष्याला निखळ स्वातंत्र्यवीर करून टाकणें खरें होणार नाहीं. नोव्हेंबर १८३० मध्यें वॉर्सा येथें पोलिश लोकांनीं रशियाविरुद्ध उठाव केला. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळां वांटून खाल्लेल्या पोलंडचा एक घांस प्रशियाच्याहि पोटांत होता. म्हणून सरहद्दीवर नजर ठेवण्यास ग्नायझेनाउच्या हाताखालीं प्रशियन सैन्य गेलें, व क्लाउझेविट्झ त्याचा मुख्य सहायक होता. पोलंड स्वतंत्र होणें प्रशियास घातक ठरेल असें त्यानें त्या काळांत लिहिलेलें आहे. पोलिश जनता नेमकें तेंच करीत होती जें त्यानें १८१२ मध्यें केलें होतें; पण ह्या खेपेस शांतताप्रिय पक्ष त्याचा स्वतःचा होता.

त्या सरहद्दीवर पटकी आली. ऑगस्टमध्यें पोझेन येथें ग्नायझेनाउ तिला बळी पडला, आणि नोव्हेंबरांत क्लाउझेविट्झ ब्रेस्लाउला परतला तो थोडक्या दिवसांचा सोबती ठरला. मोहोर केलेलीं पुडकीं त्याची पत्नी मारी हिनें उघडलीं आणि १८३२ पासून ग्रंथाचे भाग छापून काढण्यास आरंभ केला.