मतदार यादीतले नाव आणि बाबासाहेबांचा इशारा

मतदार यादीतून नावे वगळण्याचा विषय निघाला की आम्हाला ऐकवले जाते, मेलेल्यांची आणि दुबार नावे काढली तर तुमचे काय बिघडते? काहीच बिघडत नाही. मृताचे नाव यादीत राहावे असे आम्ही कधी म्हटलेले नाही. आमचा प्रश्न एवढाच, की जिवंत माणसाच्या नावावर संशय आला तर पुरावा कोणी द्यायचा?

हा प्रश्न बाबासाहेबांनी ओळखला होता. संविधानाच्या मसुद्यात केंद्रासाठी आणि राज्यांसाठी वेगवेगळे निवडणूक आयोग होते. 15 जून 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडून सर्वांसाठी एकच आयोग आणला. तेच आजचे कलम 324. कारणही त्यांनी उघड सांगितले. वंशाने, भाषेने, संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे यादीत येऊ नयेत असा कारभार काही प्रांतांत चालू असल्याचे मसुदा समितीच्या कानावर आले होते. म्हणजे मताचा हक्क मतपेटीपाशी पोचण्याआधी यादीतच मारला जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हेतू वाईट नसला तरी फटका दुबळ्यालाच बसतो. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली, कारण त्यांची नोंद स्वतःच्या नावाने न होता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी झाली होती.

मुंबई आणि दिल्लीतल्या मतदारांना नागरिकत्व सिद्ध करा म्हणून नोटिसा निघाल्या. लालबाबू हुसेन खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आधीच्या यादीत नाव असेल तर ते रीतसर आले असेच धरावे लागेल, आणि म्हणणे ऐकल्याशिवाय ते काढता येणार नाही.

2025 साली बिहारमध्ये हे उलटे झाले. जूनमध्ये 7.89 कोटी मतदार होते, 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत 7.24 कोटी उरले. अर्ज भरा, कागद दाखवा, हे ओझे मतदारावर आले. गळालेल्या 65 लाखांची नावे कारणांसह जाहीर करण्यासाठी 14 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आयोगाने यातले सुमारे 36 लाख 'कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले' म्हणून दाखवले.

कोण सापडत नाही? जो पोटासाठी बाहेर गेला आहे तो. आपल्याकडे बीडचा ऊसतोड कामगार सहा-सहा महिने फडावर असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 चे कलम 20 सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. कलम 22 सांगते की रहिवास नाही म्हणून नाव काढण्याआधी सुनावणीची संधी दिली पाहिजे.

तरुण मित्रांनो, ही दोन कलमे पाठ करा. प्रारूप यादी लागली की वस्तीतले एकेक नाव मोठ्याने वाचा. नाव गेले असेल तर कारण लेखी मागा, मुदतीत हरकत नोंदवा. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक काढणाऱ्या मंडळांना एवढे काम अवघड नाही.

जय भीम!