रिकामी आसने आणि परक्यांवरचा विश्वास

१/ चार आसनांची मोटार आणि आत एकटा चालक. हे दृश्य बदलावे म्हणून अमेरिकेने कधी देशभक्तीला हाक घातली, कधी काटकसरीला. परंतु माणसे परक्याच्या शेजारी बसायला खऱ्या अर्थाने राजी झाली, ती तिसऱ्याच कारणाने. त्याचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/ १९४२ च्या आरंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज जिंकले. अमेरिकेला होणारा नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा त्यामुळे तुटला. टायर टिकावेत म्हणून वेगमर्यादा ताशी ३५ मैलांवर आली आणि १ डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले.

३/ १९४३ मध्ये वायमर पर्सेल या चित्रकाराचे एक सरकारी भित्तिपत्रक झळकले. मोटार चालवणारा एकटा सद्गृहस्थ आणि शेजारच्या आसनावर हिटलरची छायाकृती! एकट्याने जाणारा हिटलरला सोबत नेतो, हा त्याचा आशय. आवाहन थेट अपराधभावाला होते.

४/ ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले, पेट्रोलचे रेशनिंग उठले. शत्रूच उरला नाही, तेव्हा अपराधभाव तरी कशाच्या आधारावर टिकणार? पुढे उपनगरे विस्तारली आणि स्वतःची मोटार हेच स्वातंत्र्याचे चिन्ह झाले.

५/ ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पंपांवर रांगा लागल्या. आता आवाहन खिशाला होते. पण याच काळात वॉशिंग्टनजवळ एक वेगळी गोष्ट घडू लागली.

६/ व्हर्जिनियाच्या उपनगरांतून राजधानीकडे जाणाऱ्या शर्ली महामार्गावर १९६९ पासून बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका होती. डिसेंबर १९७३ मध्ये ती किमान चार माणसे असलेल्या मोटारींनाही खुली झाली. शेजारच्या मार्गिकांत कोंडी, इथे रस्ता मोकळा.

७/ चारचा आकडा भरावा म्हणून चालक बसथांब्यांवरून अनोळखी माणसांना घेऊ लागले. या प्रवाशांना ‘स्लग’ हे नाव पडले. स्लग म्हणजे खोटे नाणे. थांब्यावर उभे, पण बसमध्ये न चढणारे हे ‘खोटे’ प्रवासी बसचालकांनीच असे ओळखले, अशी आख्यायिका आहे.

८/ कोणत्याही कार्यालयाने न लिहिलेले संकेत रूढ झाले. पैसे द्यायचे नाहीत. चालकाने विषय काढल्याशिवाय बोलायचे नाही. रांगेत एकट्या स्त्रीला मागे ठेवून जायचे नाही. उतरताना आभार मानायचे, बस्स.

९/ या संकेतांत मनाची मोठी जाण आहे. ओळखीच्याबरोबर रोज जायचे म्हणजे त्याची वेळ सांभाळणे, भीड बाळगणे, उपकार फेडणे आले. इथे चालकाला मार्गिका मिळते, प्रवाशाला फुकट प्रवास. हिशेब तिथेच मिटतो. उद्या येण्याचे बंधन कोणावरच नाही.

१०/ सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवरही अशीच प्रथा होती. तिथे सहप्रवाशांच्या मोटारींना गर्दीच्या वेळी पथकर माफ असे. जुलै २०१० पासून त्यांना अडीच डॉलर आकारणी सुरू झाली आणि अशा मोटारींची संख्या घटली. प्रवाशाने वाटा द्यावा का, हा अवघड प्रश्नही उभा राहिला. मिटलेला हिशेब पुन्हा उघडला!

११/ देशपातळीवर चित्र उलटेच होते. १९८० च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोक मोटार वाटून घेत. २०१० पर्यंत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत आले. तेल स्वस्त झाले, तशी काटकसरही विरली. व्हर्जिनियातील रांगा मात्र त्या काळातही टिकल्या.

१२/ परक्याला शेजारी बसवण्यासाठी माणसाला थोर व्हावे लागत नाही. रोजचा वाचलेला अर्धा तास, मान राखणारे अंतर आणि उपकाराचे ओझे नसणे एवढे त्याला पुरते. रिकाम्या आसनांची चिंता करणाऱ्या प्रत्येक शहराने नवे भित्तिपत्रक छापण्याआधी हा इतिहास वाचावा.