एआय वापरून ॲप मराठीत कसं आणतात?

फोनची भाषा मराठी केली की बटणं, मेनू, सूचना मराठीत दिसू लागतात. ॲप असं एखाद्या भाषेत आणण्याच्या कामाला लोकलायझेशन म्हणतात. आता हे काम बऱ्याचदा चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या भाषा मॉडेलकडून करून घेतलं जातं. ते कसं चालतं आणि कुठे अडतं, ते बघूया.

मजकूर कुठे असतो?

अँड्रॉइड ॲपमध्ये पडद्यावर दिसणारा मजकूर कोडपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला स्ट्रिंग म्हणतात. प्रत्येक भाषेची फाइल वेगळी असते आणि फोनची भाषा बघून ॲप योग्य ती उचलतं. मॉडेलला इंग्रजी फाइल दिली की काही मिनिटांत मराठी फाइल मिळते. पण ती तशीच वापरू नका.

अडतं कुठे?

१. संदर्भ नसतो. ‘फ्री स्पेस’ म्हणजे मोकळी जागा की मोफत जागा? ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ की ‘दुकान उघडं आहे’? सुटी स्ट्रिंग पाहून मॉडेल अंदाज बांधतं.

२. शब्दाचं रूप बदलतं. समजा, शहराचं नाव ॲप नंतर भरणार आहे आणि मॉडेलने त्या जागेला ‘मध्ये’ जोडलं. ‘नागपूरमध्ये’ ठीक वाटतं, पण पुणे आलं की ‘पुणेमध्ये’ होतं. आपण ‘पुण्यामध्ये’ म्हणतो. इथे वाक्यच बदलायचं: ‘हवामान: पुणे’.

३. लिंग आड येतं. फोटो ‘पाठवला’, पण फाइल ‘पाठवली’. एकच स्ट्रिंग दोन्हीकडे चालत नाही.

४. दोन बटणं सारखी होतात. ‘ऑर्डर रद्द करायची?’ या प्रश्नाखाली इंग्रजीतलं ‘कॅन्सल’ म्हणजे मागे फिरणं. त्याचंही भाषांतर ‘रद्द करा’ झालं, तर आपली ऑर्डर राहील की जाईल? ‘हो, रद्द करा’ आणि ‘नको, राहू दे’ असं लिहिलं की गोंधळ संपतो. पैशांच्या ॲपमध्ये अशी चूक महागात पडते.

मी मॉडेलला काय सांगतो?

स्ट्रिंग कुठे दिसते: बटणावर, शीर्षकात की सूचनेत. रिकाम्या जागेत काय भरलं जाणार आहे, आणि तिची खूण जशीच्या तशी ठेवायची. वापरणाऱ्याला सगळीकडे ‘तुम्ही’ म्हणायचं. सोबत ठरलेल्या शब्दांची यादी देतो, म्हणजे एका ठिकाणी ‘जतन करा’ आणि दुसरीकडे ‘सेव्ह करा’ असं होत नाही. ‘पासवर्ड’, ‘डाउनलोड’ हे रुळलेले शब्द मी तसेच ठेवतो.

शेवटची तपासणी मात्र फोन हातात घेऊनच करायची. मराठी मजकूर लांबला तर बटणात मावत नाही, आणि हे फाइल बघून कळत नाही.

तुम्हालाही हात लावून बघायचा असेल, तर फायरफॉक्सचं भाषांतर पाँटून नावाच्या संकेतस्थळावर चालतं. तिथे खातं उघडून कोणीही मराठी स्ट्रिंग सुचवू शकतं. मॉडेलची मदत घ्या, पण ‘पुणेमध्ये’ खटकायला मराठी बोलणारं माणूसच लागतं.