स्टालिनग्राडचे नेमबाज आणि त्यांना पाहणारे

मंडळी, युद्धाचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना पुस्तकांतून कळत नाही. तो पडद्यावरून कळतो. पनवेलला पुस्तके वाचणारे नाहीत असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हटले तर या व्याख्यानमालेचे चालक आम्हांला पुन्हा बोलावणार नाहीत. परंतु शंभरांनी एखादे पुस्तक वाचावे तोवर हजारांनी चित्रपट पाहिलेला असतो, आणि मग पडद्यावर दिसले तेच घडले असे होऊन बसते. म्हणून चित्रपट पाहून लोक काय बोलले, हाही इतिहासाचाच विषय आहे असे आम्ही मानतो.

फ्रेंच दिग्दर्शक ज्यां-जाक आनो यांचा 'एनिमी ॲट द गेट्स' हा चित्रपट २००१ साली निघाला. स्टालिनग्राड शहर जळते आहे. एका बाजूला उरलच्या डोंगरातून आलेला रशियन नेमबाज वासिली जायत्सेव, दुसऱ्या बाजूला त्याला टिपण्यासाठी खास जर्मनीहून पाठविलेला मेजर कोनिग. दोघेही ढिगाऱ्यांत तासन्‌तास दडून बसतात. जो आधी हलला तो मेला. प्रेक्षक श्वास रोखून बसतो, यात नवल नाही. गावच्या जत्रेत शेवटच्या जोडीची कुस्ती लागली की माणसे अशीच बसतात.

परंतु त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवाचा प्रारंभ या चित्रपटाने झाला तेव्हा तिकडच्या टीकाकारांनी त्याचे स्वागत थंडपणेच केले. मे महिन्यात रशियात तर गोष्ट त्याहून पुढे गेली. स्टालिनग्राडला प्रत्यक्ष लढलेले म्हातारे सैनिक उठले आणि या चित्रपटावर बंदी घाला, अशी मागणी त्यांनी केली. लाल सेनेचे जे रूप त्यात दाखविले आहे ते आमचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. बंदी आली नाही, आणि ती यावी असे आमचेही मत नाही. शिवाय चित्रपटात सर्वच खोटे आहे असेही नाही. 'एक पाऊलही मागे नाही' हा २८ जुलै १९४२ चा हुकूम खरा आहे, आणि मागे फिरणाऱ्यांना रोखण्यासाठी पाठीमागे पथके उभी केली जात, हेही खरे आहे. मग म्हाताऱ्यांना एवढे लागले ते काय?

त्यासाठी खरा जायत्सेव पाहावा लागतो. हा मनुष्य १९१५ साली जन्मला, लहानपणी जंगलात शिकार शिकला. परंतु युद्धापूर्वी तो प्रशांत महासागरातील आरमारात हिशेबाच्या वह्या लिहीत होता. कारकुनच म्हणा! १९४२ च्या सप्टेंबरात तो व्होल्गा ओलांडून स्टालिनग्राडला आला. १० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर या अवधीत त्याने २२५ शत्रू टिपल्याची नोंद आहे. मेजर कोनिगशी झालेल्या सामन्याची हकीकत मात्र रशियन बाजूनेच सांगितली गेली. त्या नावाच्या नेमबाजाचा माग जर्मन कागदपत्रांत लागलेला नाही, आणि अँटनी बीव्हर यांच्यासारख्या इतिहासकाराने तो सामना झाला यावरच शंका घेतली आहे.

चित्रपटात न आलेली गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. जायत्सेवने तिथल्या एका धातूच्या कारखान्यात नेमबाजांची शाळा काढली. त्याच्या आडनावात रशियन भाषेतला ससा आहे; म्हणून त्याच्या शिष्यांना सशाची पिल्ले म्हणत. त्याने बसविलेली पद्धत सहा जणांची होती: दोघादोघांच्या तीन जोड्या, आणि तिघींची नजर एकाच पट्ट्यावर. म्हणजे ज्याला पडद्यावर एकटा लढविला, त्याची खरी करामत एकट्याने न लढण्यात होती.

हा चित्रपट आम्ही एका रविवारी युनियनच्या कचेरीत दाखविला. तरुण मंडळी खूष झाली. कोनिगची भूमिका करणाऱ्या एड हॅरिसच्या थंड डोळ्यांचीच चर्चा चहा संपेपर्यंत चालली. तळोज्याला भट्टीवर काम करणारा आमचा एक सभासद मात्र गप्प होता. शेवटी तो म्हणाला, "साहेब, एवढे मोठे कारखाने दाखवले, पण त्यांत कामाला होते ते लोक कुठे गेले?" आम्ही कितीतरी परीक्षणे वाचली आहेत, इतका नेमका प्रश्न कुठल्या परीक्षणात आढळला नाही.

त्याला आम्ही सांगितले ते येथेही सांगतो. ट्रॅक्टर कारखाना, 'लाल ऑक्टोबर'चा पोलाद कारखाना आणि 'बॅरिकेड्स' हा तोफांचा कारखाना, या तिघांभोवती ती लढाई फिरली. २३ ऑगस्ट १९४२ ला जर्मन रणगाडे शहराच्या उत्तर टोकाला भिडले. त्यांच्यावर विमानविरोधी तोफा डागणाऱ्यांत कितीतरी तरुण मुली होत्या, आणि कामगारांच्या पलटणी खात्यांतून उठून थेट मोर्चावर गेल्या. ट्रॅक्टर कारखान्यात रणगाडे बनत आणि मोडलेले दुरुस्त होऊन पुन्हा लढाईवर जात. १४ ऑक्टोबरला जर्मनांनी तो कारखाना घेतला. २ फेब्रुवारी १९४३ ला जर्मन सहाव्या सेनेचे उरलेले सैनिकही शरण आले. हे सारे दोन बंदुकांच्या मधल्या जागेत कसे मावावे? आणि ज्याचा शेजारी तिथे मेला, त्याला ती जागा रिकामी दिसली तर त्याने बोलू नये काय?

हे सारे दूर रशियातले, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याच महायुद्धात आपल्या जिल्ह्यातला, माणगाव तालुक्यातील पळसगावचा एक तरुण इटलीत लढत होता. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, वय अवघे बावीस. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला, आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत नवे मॅगझिन भरायला सवड नव्हती, म्हणून तीच उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या ठाण्यावरच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात एवढीच हकीकत आहे. ते नेमबाज कोण होते, याची त्यात नोंद नाही. तुकडीतील जे बाकीचे पडले, त्यांची नावेही त्यात नाहीत. घाडग्यांचे नाव इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांना स्वतंत्र कबर लाभली नाही अशा सैनिकांच्या यादीत कोरले आहे. त्यांचा पुतळा माणगावला आहे, पनवेलहून एस.टी.ने जाऊन तो पाहता येतो.